कानबाईची नथ आणि हिरवी वाट

१

आरतीचे तबक वैशालीच्या हातून निसटले आणि फरशीवर गरगर फिरून थांबले. ढोलकीवाल्याचा हात हवेतच राहिला. देवीच्या चेहऱ्यावर आलेला पदर मागे सारण्यासाठी वैशाली वाकली होती, ती तशीच ताठ झाली आणि ओरडली, "आई वं! कानबाईना नाकमा नथ नही!"

श्रावणातील त्या रविवारची ही संध्याकाळ. स्थळ, सुरत शहराच्या डिंडोली भागातील माझे थोरले बंधू हेमराजदादा महाजन यांचे घर. खान्देशातून पोटासाठी येथे आलेल्या आम्हा मंडळींनी गाव सोडले, तथापि कानबाई सोडली नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी घराण्यातील नारळाला वस्त्रे, डोळे, मणी आणि नथ घालून देवीचे रूप द्यावयाचे, चौरंगावर बसवावयाचे, रोटांचा, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्यांचा, नैवेद्य दाखवावयाचा, आणि सोमवारी सकाळी वाजत गाजत तापीवर न्यावयाचे, अशी आमची रीत आहे. त्या दिवशी दादांच्या लूमखात्यातील सर्व माग बंद असतात. एरवी दिवसरात्र खडखडणारी ती गल्ली त्या दिवशी इतकी शांत असते, की वाटेवरच्या शेंगदाणेवाल्याची हाकदेखील माजघरात ऐकू येते.

नथ नवी होती. दादांचा मुलगा कुंदन शारजा येथे तीन वर्षे एसी दुरुस्तीचे काम करून आठवड्यापूर्वीच विमानाने परतला होता. "आपल्या सुरतेतच घेतली, भागळच्या सराफाकडून," असे सांगून त्याने ती मोत्यांची सोन्याची नथ कानबाईला वाहिली होती. दादांच्या पत्नी मालतीवहिनींनी ती डोळ्यांना लावली होती.

दादा उठून उभे राहिले. आवाज चढवणे हा त्यांचा स्वभाव नव्हे, म्हणूनच त्यांचा हळू आवाज अधिक जड वाटला.

"आते कोणी काही बोलू नका. आरती पूर्ण करा. उद्या विसर्जन व्हई गयं, की मी पोलीस ठाण्यात जासू. घरमा जे जे व्हतात, सगळासना नावं देसू."

 मी सुकदेव, दादांचा धाकटा भाऊ, त्यांच्याच खात्यात मागावर कारागीर. माझी मुलगी सुषमा सीमाशुल्क खात्यात निरीक्षक म्हणून निवडली गेली होती. लेखी परीक्षा झाली, चालण्याची चाचणी झाली, सायकलची चाचणी झाली. कालव्याच्या रस्त्यावर पहाटे सायकल चालवून तिचे पाय कसे सुजत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आता उरली होती केवळ चारित्र्याची पोलीस पडताळणी. याच आठवड्यात, याच ठाण्याचा जमादार आमच्या दारी यावयाचा होता.

आणि सकाळी देवीच्या नाकात नथ बांधणारा हात माझ्या सुषमाचाच होता.

२

आरतीनंतर घराची झडती झाली. पिठाचे डबे, पाण्याचे पिंप, न्हाणीची मोरी, पेटीतल्या साड्यांच्या घड्या, काही शिल्लक राहिले नाही. वरच्या खोलीत राहणारा भाडेकरू राहुल, अमरावतीकडचा, लाइटिंगची कामे करणारा तरुण. त्याने कोणी म्हणण्यापूर्वीच आपली हत्यारांची पेटी ओसरीवर पालथी केली.

"घ्या, पाहून घ्या! पकड हाय, पेचकस हाय, टेप हाय. नथ सापडली तं माहं नाव बदला!"

"तुन्हं नाव बदलीसन काय ठेवाणं?" माझी पत्नी मंगलाबाई चुलीपुढून म्हणाली. "पहिले ते सामान उचल, कोणा पायमा खिळा जाई."

लोक हसले. मला मात्र हसू आले नाही. सुषमाही हसली नाही. ती चौरंगासमोर मांडी घालून बसली होती आणि देवीकडे एकटक पाहत होती. मी तिच्याजवळ गेलो.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "सकाळी मी पदर डोक्यामागे बसवला होता. चेहरा पूर्ण उघडा ठेवला होता. हो ना?"

"होय. मी पाहिला होता."

"मग आरतीच्या वेळी तो नाकापर्यंत कोणी ओढला?" तिने बोटाने दाखवले, स्पर्श केला नाही. "आणि हे पाहा. मी नथ लाल दोऱ्याने नारळाच्या शेंडीला बांधली होती. घट्ट गाठ मारली होती. चोराने हिसका दिला असता, तर दोरा तुटून येथे लोंबला असता. तुकडासुद्धा नाही. कोणीतरी निवांतपणे गाठ सोडली आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे घाईचा माणूस नाही. आणि एक सांगा, चोर नथ घेऊन गेला, तर देवीला पदर कशाला घेऊन देईल?"

 ती उठली व दादांपुढे हात जोडून उभी राहिली.

"मोठे बाबा, विसर्जनापर्यंत मला वेळ द्या. नथ नाही मिळाली, तर तुम्ही ठाण्यात जा. पहिलं नाव माझंच लिहा."

दादांनी तिच्याकडे पाहिले. त्यांनी तिला पाटीवर अक्षरे गिरवायला शिकवले होते. "लिखसू," ते म्हणाले. "तुन्हं सोडीसन लिखसू, तर ते खोटं व्हई." इतके बोलून ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

३

राहुलला तिने प्रथम विचारले.

"तू शिडीवर कधी चढला होतास?"

"दुपारी. लाइटिंगची माळ टाकाले. तवा तं नथ होती, ताई. बल्ब लागला अन् मोत्यावर असा उजेड पडला, मीच म्हटलं वा! मंग काकूनं चहाले हाक मारली, सारे मानसं ओट्यावर गेलो."

"परत आलास तेव्हा?"

राहुल डोके खाजवू लागला. "परत आलो तं देवीनं पदर घेतला होता. मले वाटलं, तुमच्यात दुपारनंतर तसंच असते. दुसऱ्याच्या देवाले मी कायले विचारू?"

"चहाच्या वेळी ओट्यावर कोण नव्हतं?"

"बायामानसं कोनीच नव्हते. अन् कुंदनभाऊ फुलं घेऊन आला, तो सीधा आत गेला."

वैशालीकडे जाताच ती उसळली. ती दादांची विवाहित कन्या, सुरतेतच गोडादऱ्यात राहणारी, बोलण्यास मोकळी पण रागासही तितकीच तयार.

"मला माहीत आहे तू का आलीस! माझ्या लग्नात आईने घरची जुनी नथ मला दिली नाही, म्हणून सगळे माझ्याकडेच बघतायत. अगं, नथ मी लपवली असती, तर मीच बोंब मारली असती का?"

"ताई, मी अजून काही विचारलंच नाही."

"मग विचार!"

"आज दिवसभरात मोठी माय तुझ्याशी कशावरून बोलली?"

वैशाली गोंधळली. "आई? कशावरून काय... हां, फोटोवरून रागावली. सकाळी तू देवीला नथ बांधत होतीस ना, त्याचा मी फोटो काढला. छान आला होता, तुझा हात, ती नथ, देवीचा चेहरा. स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, आमची कस्टमवाली साहेबीण. तर आई दुपारी धावत आली, आत्ताच्या आत्ता काढ म्हणे. दृष्ट लागते म्हणे. मी काढला. बाई गं, हातातले पीठ तसेच, माझा फोन भरवला सगळा."

सुषमाने मान डोलावली, जणू कोणी तिला हवी ती वस्तू हातात दिली होती.

कुंदन जिन्यात सापडला. घरी आल्यापासून तो सुषमाला टाळत होता, हे माझ्याही लक्षात आले होते. ती एका खोलीत आली, की तो दुसरीत जाई.

"फुलं ठेवायला आत गेलास, तेव्हा नथ होती?"

"पाहिलं नाही यार. फुलं ठेवली, निघालो."

"कुंदन, भागळच्या कोणत्या दुकानातून घेतलीस?"

"आहे एक."

"नाव?"

तो कठड्याला टेकला. कपाळावर घाम दाटला. "तू आत्तापासूनच ऑफिसर झाली काय? अजून जॉइनिंग नाही अन् पूछताछ चालू!" तो हसला, पण ते हसणे तोंडावरच विरले. "सोड ना, सुषमा. नथ माझी होती, गेली तर गेली. पप्पांना सांग, तक्रार नको."

स्वतःची हरवलेली वस्तू शोधू नका, असे म्हणणारा माणूस मी आयुष्यात प्रथमच पाहिला.

"कुंदननेच काढली," मी खाली येता येता पुटपुटलो.

"नाही बाबा," सुषमा म्हणाली. "कुंदन खोटं बोलतोय. पण चोरीबद्दल नाही."

४

मालतीवहिनी स्वयंपाकघरात रोट रचत होत्या. रोटांचे गहू आमच्याकडे सव्वा मापाने वेगळे दळतात आणि ते रोट कुळाबाहेर कोणास देत नाहीत. वहिनींचे हात चालत होते, परंतु डोळे सुजलेले होते.

सुषमा त्यांच्याजवळ बसली. "मोठी माय, तुम्ही जेवला नाहीत."

"माले भूक नही."

"नथीचं एवढं दुःख करू नका."

"नथनं कोण करस?" वहिनी चटकन बोलून गेल्या आणि मग पदराने नाक पुसले. "तुन्ही नोकरी... इतला अभ्यास करा तू. तुन्हा मोठा बाबाले सांग, पोलीस नको. तू सांग. तुन्हं ऐकतीन."

"पोलीस आले तर काय होईल? चोर सापडेल."

"चोर सापडाले पहिले ते काय विचारतीन? सोनं कोठलं, पावती दखाडा. मंग? आपण काय दखाडसूत?"

सुषमाने एक रोट उचलून परातीत नीट ठेवला.  नंतर म्हणाली, "मोठी माय, मी तुमच्या हाताखाली रोट करायला शिकले. मला एवढंच विचारायचं होतं, की तुम्ही जेवलात का." आणि ती उठली.

बाहेर येताच मी तिला अडवले. "एवढेच विचारलेस? त्या काहीतरी लपवीत आहेत!"

"त्यांनी सगळं सांगितलं, बाबा." तिचा चेहरा उजळला होता. "भागळच्या सराफाकडून घेतलेल्या नथीची पावती मागितली, तर भीती कशाची? दुकानात जाऊन आणता येते. ज्याला ठाऊक आहे की नथ सुरतेतली नाही, त्यालाच पावतीची भीती."

"मग नथ कोठून आली?"

"कुंदन कोठून आला?"

 परदेशातून चोरून आणलेले सोने, आणि ते देवीला बांधणारी सीमाशुल्क खात्याची भावी निरीक्षक! मी भिंतीला टेकलो.

"घाबरू नका," ती म्हणाली. "माझी मैत्रीण शीतल गेल्या वर्षीच या खात्यात लागली. ती सांगते, माणूस वस्तू तेथे लपवतो, जेथे तपासणाऱ्याचा हात जाण्यास संकोचतो. आज आपण सगळं घर तपासलं, बाबा. एक जागा सोडून."

"कोणती?"

ती आत वळली. माजघरात गाणी सुरू झाली होती आणि बायका फुगड्यांसाठी जागा करू लागल्या होत्या.

५

सकाळी दारात फुलांनी सजवलेला टेम्पो उभा राहिला. तापीवर निघण्यास थोडा अवकाश होता. दादा स्वच्छ धोतर नेसून तयार होते, खिशात चष्मा होता, आणि तो चष्मा कशासाठी आहे हे मला ठाऊक होते. विसर्जनावरून ते परस्पर ठाण्यात जाणार होते.

सुषमाने घरच्या मंडळींना माजघरात बोलावले व दार लोटून घेतले. दादा, वहिनी, वैशाली, कुंदन, मंगलाबाई आणि मी, एवढेच आत होतो. समोर चौरंगावर कानबाई, पदर मागे सारलेला, नाक रिकामे.

"मोठे बाबा, विमानतळावर बाहेर पडताना दोन वाटा असतात," तिने सुरुवात केली. "एक लाल, एक हिरवी. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही आहे तो लाल वाटेने जातो, नाही तो हिरव्या वाटेने. कोणाची बॅग उघडण्याआधी अधिकारी विचारतो, काही जाहीर करायचं आहे का? ज्याने स्वतःहून सांगितलं, त्याला चोर म्हणत नाहीत. मी काही उघडणार नाही. मी फक्त विचारते." तिने सगळ्यांकडे पाहिले. "काही जाहीर करायचं आहे का?"

 बाहेर ढोलकीवाला उगाच थापा देऊन पाहत होता.

प्रथम कुंदनने तोंड उघडले. "नथ सुरतेची नाही. शारजाची आहे. मोज्यात गुंडाळून आणली. हिरव्या गेटमधून निघालो तेव्हा घामाने भिजलो होतो, कसम से. घरी आलो तर हिच्या नोकरीचे पेढे वाटणं चाललंय! मग काय बोलणार?"

दादांचा चेहरा काळवंडला. "तू चोरीनं सोनं..."

"थांबा, मोठे बाबा. अजून एक जाहीर व्हायचं आहे."

सुषमा कोणाकडेही पाहत नव्हती, देवीकडे पाहत होती. आणि मालतीवहिनी हुंदका देऊन खाली बसल्या.

"मी काढी. मीच काढी. धुवाणा कपडा काढतांना त्याना मोजामा ती डबी सापडनी, तिकडना उलटासुलटा अक्षरसनी. तेव्हा मी गप बसनू. पोऱ्यानी देवीले आणेल शे, देवी दखी लेई. पण काल तो फोटू दखा. फोटूमा पोरना हात आनि ती नथ! माले वाटनं, कोणी दखं तर म्हणतीन, कस्टमनी साहेबीण चोरीनं सोनं बांधस. मन्हा पोऱ्या जेलमा, आनि पोरनी नोकरी गयी. म्हणीसन गाठ सोडी." त्यांनी वैशालीकडे पाहिले. "पदर ओढी दिधा व्हता. कोणले दिसणार नही म्हणीसन. तूच तो मांगे सारा!"

"म्हणजे माझंच चुकलं!" वैशाली रडता रडता हसू लागली.

"पण नथ आहे कोठे?" दादा म्हणाले. "सगळं घर दखं आपण."

"सगळं नाही," सुषमा म्हणाली. "स्थापना झाल्यावर आपल्याकडे पदर सारण्यापलीकडे देवीला कोणी हात लावत नाही. जिने उपास धरला आणि जिने देवी बसवली, त्या दोघींनीच लावायचा. काल मी लावू शकले असते, तरी तुम्हीच सांगावं म्हणून थांबले. मोठी माय, देवीचा दागिना तुम्ही तुमच्या पेटीत ठेवाल, हे मला पटतच नव्हतं. चोर असता तर नेला असता. तुम्ही देवीचं देवीपाशीच ठेवणार. आणि विसर्जनाच्या वेळी काठावर दागिने उतरवायचा मान तुमचाच असतो."

वहिनी उठल्या, गुडघ्यांवर चौरंगाजवळ गेल्या. त्यांनी देवीच्या पाठीकडील वस्त्राच्या घडीत दोन बोटे घातली. लाल दोऱ्यासह ती नथ बाहेर आली. मोत्यांवर हळदीचा कण चिकटला होता.

"कोठे लयी जासू मी?" वहिनी म्हणाल्या. "कानबाईजोडेच व्हती."

६

परंतु माझ्या मनावरचे ओझे उतरले नव्हते. नथ सापडली होती, तशी ती परदेशातून चोरून आलेली होती, हेही सर्वांसमक्ष सिद्ध झाले होते. आता माझी मुलगी काय करील? भावाला धरून देईल, की डोळे मिटून घेईल? दोन्हींपैकी कोणतीही गोष्ट मला सोसणारी नव्हती.

सुषमाने नथ तळहातावर घेतली व वजनाचा अंदाज घेत वर-खाली केली.

"कुंदन, तिकडे तू तीन वर्षं सलग होतास?"

"मध्ये एकदाही आलो नाही. तिकीट कोण देतं?"

"दुसरं काही सोनं आणलंस?"

"आईची शपथ, नाही. बाकी बॅगेत खजूर होते."

"मग अरे बावळटा," ती म्हणाली आणि प्रथमच खळखळून हसली, "वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्या माणसाला ठरावीक वजनापर्यंतचे दागिने शुल्क न भरता आणता येतात. नियमातच आहे. ही नथ त्या वजनाच्या पासंगालाही पुरत नाही. तू मोज्यात घालून आणलीस, ती नाकात घालून आणली असतीस तरी चाललं असतं!"

"म्हणजे... हिरव्या गेटमधून जाणं बरोबर होतं?"

"अगदी बरोबर. फक्त एवढा घाम गाळायची गरज नव्हती."

 नंतर दादांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि त्यांच्या पोटातून जे हसू निघाले ते ओट्यापर्यंत गेले. बाहेरून राहुल ओरडला, "सापडली काय, शेठ?"

"सापडनी रे, सापडनी!"

"मंग माहं नाव बदलाची गरज नाही ना?"

वहिनी मात्र हसत नव्हत्या. त्या सुषमाकडे पाहत होत्या. "मंग पाप नही?"

"नाही, मोठी माय. सोनं पहिल्यापासून स्वच्छ होतं. तुम्ही मला विचारलं असतंत, तर कालच जेवला असतात." तिने नथ वहिनींच्या हातात दिली. "तुम्ही बांधा. या वेळी फोटोत आपण दोघी राहू."

त्या दिवशी तापीच्या काठावर आमच्या कानबाईसारखी देवी दुसरी नव्हती. वहिनी चौरंग डोक्यावर घेऊन नाचल्या. दादांनी खिशातला चष्मा काढला तो केवळ वैशालीच्या मोबाइलमधला फोटो पाहण्यासाठी.

त्याच आठवड्यात ठाण्याचा जमादार आला. त्याने शेजारी म्हणून दादांनाच मुलगी कशी आहे ते गुजरातीत विचारले, "आ छोकरी केवी छे? काही तक्रार?"

"तक्रार शे," दादा गंभीरपणे म्हणाले. मी ओट्यावरून उठलो. "इतली शिकनी, पण आते सगळासले विचारस, काही जाहीर करणं शे का!"

जमादाराने हसत सही केली.

पुढे तिला नेमणुकीचे ठिकाण मिळाले, घरापासून दूर, एका बंदरावर. निघण्याच्या सकाळी स्टेशनवर मालतीवहिनी मोठी पिशवी घेऊन आल्या. सुषमाने ती हातात घेण्यापूर्वीच त्यांनी बाकावर ठेवली आणि सगळे डबे एकामागून एक स्वतः उघडले.

"दख. हाई मेथीना लाडू. हाई लोणचं. हाई कळण्यानं, ज्वारी-उडीदनं पीठ. आनि हाऊ तुन्हा मोठा बाबानी दिधेल पेन." मग त्यांनी दोन्ही रिकामे तळहात पुढे केले, "बस. आखो मनजोडे काही नही."

सुषमाने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "जा, मोठी माय," ती म्हणाली, "तुमची हिरवी वाट."